परसातलं पाणी, परसातले पक्षी

मे महिना. लातूर जिल्ह्यातलं एक गाव. सकाळचे साडेसहा वाजलेत आणि परसातल्या शेवग्यावर आत्ता कुठं ऊन आलंय. फोटो काढायचे तर आत्ताच. आणखी दोन तासांनी हेच ऊन पांढरं पडेल आणि पिसांवरची नक्षी त्यात हरवून जाईल.

मराठवाड्यात पक्ष्यांचे फोटो म्हटलं की लोक पैठणला जातात. हिवाळ्यात तिथल्या नाथसागर जलाशयावर रोहित (फ्लेमिंगो) येतात, दूरदेशीची बदकं येतात, जरूर जावं. पण उन्हाळ्यात पक्षी आपणहून दारी येतात, ते पाण्यासाठी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात परसातलं भरलेलं भांडं पाखरांना लांबूनही सापडतं.

भांडं मातीचं, पसरट. पाणी दोन बोटं, त्याहून खोल नको. मधे एक खडबडीत दगड, म्हणजे लहान पक्ष्याचे पाय टिकतात. भांडं रोज घासायचं, पाणी रोज बदलायचं. सावलीत ठेवायचं, पण झुडपाला खेटून नाही. तिथं मांजर दबा धरून बसते. आणि जवळच एक वाळकी फांदी रोवायची. बरेच पक्षी थेट पाण्यावर उतरत नाहीत. आधी फांदीवर बसतात, चहूकडं बघतात. निम्मे चांगले फोटो या फांदीवरच मिळतात.

हा बघा, लालबुड्या बुलबुल. दगडावरून पाण्यात उतरला. छाती बुडवली, मान झटकली, आता पंख थरथरतायत. शेंडी भिजून डोक्याला चिकटली आहे. शटर एक हजारांश सेकंदाचं किंवा त्याहून वेगवान ठेवलं, तर उडणारा थेंब न् थेंब सुटा दिसतो. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला हवा. त्यासाठी जमिनीवर पालथं पडावं लागतं, आणि ते पडावंच. उभ्यानं काढलेल्या फोटोत नुसती पाठ येते.

शेवग्याच्या फुलांवर शिंजीर आलाय. विणीच्या दिवसांतला नर. सावलीत कोळशासारखा काळा दिसतो. मान वळली की निळा-जांभळा झळकतो. ही झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते, म्हणून उन्हाचा कोन जुळेपर्यंत बोट शटरवर ठेवून थांबायचं.

दहा वाजता कॅमेरा आत. दुपारी साळुंकी चोच वासून बसलेली दिसेल. ती गात नसते. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. धापा टाकून ते अंग थंड करतात. अशा वेळी फोटोसाठी तिला सावलीतून उठवणं म्हणजे छळ आहे.

शिंपी पक्ष्यानं पानं शिवून केलेलं घरटं दिसलं, तर तिथंही हात आवरा. नीट दिसावं म्हणून एक पान बाजूला केलं, तरी कावळ्याला वाट मोकळी होते. शिंपी दाणापाण्याला बाहेर पडेल, तेव्हा त्याचा फोटो काढा.

साळुंकी, होला, सातभाई रोजचेच म्हणून सोडू नका. फोटोसोबत तारीख, वेळ, गाव लिहून ठेवा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पक्ष्यांच्या यादीला फोटो जोडता येतो. मोठी लेन्स नसली तरी चालेल. ओळख पटेल एवढा फोटो नोंदीला पुरतो.