रावबहादूर बोले आणि ठरावानंतरचे काम

(एका वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'लोकप्रतिनिधी आणि नागरी हक्क' असा छापला आहे. हा विषय एका तासात सर्व बाजूंनी मांडण्याचा प्रयत्न केला, तर कोणतीच बाजू नीट मांडून होणार नाही. म्हणून मी एका लोकप्रतिनिधीच्या एका ठरावापुरते बोलणार आहे. सीताराम केशव बोले हे ते गृहस्थ, आणि मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झालेला त्यांचा ठराव हा माझा विषय. त्या ठरावाचे पुढे काय झाले हे पाहिल्यावर आजच्या आमदाराकडून आपण काय मागावे, तेही मला सांगायचे आहे. माझा सगळा रोख खरे तर त्या शेवटच्या मुद्द्यावर आहे.

आपल्यापैकी किती जण दादरला बोले रोडवरून गेला आहात? बरेच हात वर झाले. आणि तो रस्ता ज्यांच्या नावाने आहे त्यांनी काय केले, हे किती जणांना ठाऊक आहे? आता हात फारच थोडे आहेत. हा दोष आपला एकट्याचा नाही. महाडच्या सत्याग्रहाचा धडा शिकवताना 'बोले ठरावानुसार' एवढे दोन शब्द येतात आणि वाक्य पुढे चवदार तळ्याकडे जाते. ठराव कोणी मांडला, कोणत्या सभागृहात मांडला, त्याला कायद्याचे बळ होते की नव्हते, याची चौकशी विद्यार्थी करत नाही आणि शिक्षकालाही तेवढी सवड मिळत नाही.

बोले हे मुंबईच्या भंडारी समाजातले पुढारी. गिरणी कामगारांत त्यांनी बराच काळ काम केले, आणि कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांत त्यांचे नाव येते. त्यांच्याविषयीचा एक प्रसंग मला फार प्रिय आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलचा एक महार विद्यार्थी मॅट्रिक झाला. त्या काळात ही घटना इतकी दुर्मिळ होती, की त्याच्या सत्काराची सभा भरवण्यात आली. त्या सभेचे अध्यक्ष बोले होते. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर या मुलाला आधीपासून ओळखत होते, कारण चर्नी रोडच्या बागेत तो रोज वाचत बसलेला त्यांना दिसत असे. केळुसकरांनी त्या सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे या मुलाच्या शिक्षणासाठी शब्द टाकणारेही केळुसकरच. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर, हे मी सांगायला नको.

या प्रसंगाची आठवण सांगणारे बहुधा त्या पुस्तकापाशी थांबतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्या भेटीचा धागा थेट १९५६ च्या नागपूरपर्यंत जातो. माझे लक्ष मात्र अध्यक्षांच्या खुर्चीकडे जाते. सत्काराच्या सभेचे अध्यक्षपद आपल्याकडे पुष्कळ जण भूषवतात, चार शब्द बोलतात, हार घालतात आणि घरी जातात. या अध्यक्षांनी सोळा वर्षांनी, कायदेमंडळाचे सभासद झाल्यावर, असा ठराव मांडला की त्या विद्यार्थ्याच्या समाजाला सार्वजनिक पाणवठ्यावर, विहिरीवर, धर्मशाळेत, शाळेत, न्यायालयात, कचेरीत आणि दवाखान्यात जाण्याची मोकळीक असावी. आंबेडकर त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये विलायतेहून शिक्षण पुरे करून परतले होते. एकाची तयारी पूर्ण होत होती तेव्हा दुसरा सभागृहात त्याच्यासाठी जमीन तयार करत होता.

आता ठरावाच्या आशयाकडे येतो. अस्पृश्य मानलेल्या वर्गांना कोणत्या जागा खुल्या असाव्यात, याची बोल्यांनी दिलेली व्याख्या अत्यंत विचारपूर्वक केलेली आहे. सार्वजनिक पैशातून ज्या बांधल्या किंवा चालवल्या जातात, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात ज्या आहेत, त्या सर्व जागा. धर्मशास्त्र काय म्हणते, रूढी काय आहे, कोणाच्या भावना दुखावतील, यांपैकी कशाचाही आधार त्यांनी घेतला नाही. करदात्याचा पैसा जिथे लागला तिथे प्रत्येक नागरिकाचा हक्क पोचतो, एवढ्या एकाच पायावर त्यांनी सगळी मांडणी उभी केली. दयेची याचना ज्यात नाही असा हा युक्तिवाद १९२३ साली एका मराठी माणसाने सभागृहात केला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

परंतु माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या १९१९ च्या राज्यकारभारविषयक सुधारणांनी, आलेल्या त्या कौन्सिलचा, म्हणजे कायदेमंडळाचा, ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता, ती केवळ शिफारस असे. सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी त्यावर आदेश काढला, आणि तो आदेश प्रत्येक नगरसेवकाने एकदा तरी वाचावा असा आहे. सरकारी जागांपुरती खातेप्रमुखांनी अंमलबजावणी करावी, हे स्पष्ट सांगितले. नगरपालिका आणि लोकल बोर्डे, म्हणजे ग्रामीण भागातल्या स्थानिक संस्था, यांचा प्रश्न आला तेव्हा भाषा बदलली. कलेक्टरांना विनंती करावी, कलेक्टरांनी स्थानिक संस्थांना सल्ला द्यावा, आणि त्या संस्थांनी ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे काय याचा विचार करावा. कौन्सिलची शिफारस, सरकारची विनंती, कलेक्टरांचा सल्ला आणि पालिकेचा विचार, अशा चार पायऱ्या उतरता उतरता हक्काचा पार निचरा झाला. गावातली माणसे पाणी भरायला जात होती ती विहीर मात्र बहुतेक ठिकाणी नगरपालिकेची किंवा लोकल बोर्डाची होती, म्हणजे जिथे हक्काची खरी गरज होती नेमके तिथेच आदेश सर्वांत मऊ होता.

इथे माझी एक जुनी तक्रार आपल्यापुढे ठेवतो, आणि ती थोडी लांबली तर अध्यक्षांनी मला सांभाळून घ्यावे. कलेक्टरांचा हा सल्ला मुंबई इलाख्यातल्या स्थानिक संस्थांकडे गेला. एखादी पालिका अनुकूल झाली असेल, एखादीने विषय तहकूब ठेवला असेल, एखादीने कागद दप्तरी दाखल करून टाकला असेल. कोणी काय केले, हे त्या त्या पालिकेच्या प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभांच्या कामकाजाच्या नोंदवहीत, लिहिलेले असणार. एका नगरपालिकेत मी त्या वर्षांची प्रोसिडिंग बुके पाहायला मागितली. आधी अर्ज करायला सांगण्यात आले, मग अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा यावर विचारविनिमय झाला, मग जुने दप्तर गोदामात आहे असे कळले, आणि गोदामाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते निवृत्त झालेले होते. शेवटी एका भल्या कर्मचाऱ्याने गोदाम उघडून दिले, तेव्हा वाळवीने खाल्लेले गठ्ठे आणि त्यांच्यावर रचलेल्या निवडणुकीच्या मतपेट्या दिसल्या. ती बुके सापडली नाहीत. आपल्याच गावाने शंभर वर्षांपूर्वी माणसाला पाणी द्यायचे की नाही यावर काय निर्णय घेतला, हे आपल्याला कळू नये, याचे मला अतिशय वाईट वाटते. पुतळ्यांवर आणि कमानींवर जेवढा खर्च होतो त्याच्या एका छोट्या अंशात हे दप्तर जपता आले असते.

महाडचा निर्णय मात्र आपल्याला माहीत आहे. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तळ्यावर मात्र काहीच बदलले नाही. अस्पृश्यांनी पाणी भरले नाही, कारण भरले तर काय होईल हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी पालिकेने दाखवली नाही. दरम्यान बोल्यांनी जे केले ते माझ्या मते मूळ ठरावापेक्षाही मोलाचे आहे. ऑगस्ट १९२६ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी, ते पुन्हा सभागृहात उभे राहिले आणि त्यांनी नवा ठराव आणला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे १९२३ च्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. आपला ठराव कागदावर राहिला हे ओळखून, त्याचे कारण शोधून, त्या कारणावर बोट ठेवायला परत येणारा लोकप्रतिनिधी दुर्मिळ असतो. ज्या पैशाच्या आधारावर त्यांनी हक्क मांडला होता, त्याच पैशाची दोरी आता त्यांनी हातात घेतली.

चिटणीसांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटे उरली आहेत. आता मला भराभर पुढे जावे लागेल.

आंबेडकर १९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सभासद झाले आणि महिन्याभरातच, १९ आणि २० मार्चला, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस ही मंडळी तिच्या मागे होती. परिषदेच्या जागी अस्पृश्यांना पाणी मिळत नव्हते, म्हणून ४० रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. ज्या गावच्या पालिकेने तीन वर्षांपूर्वी तळे खुले केले होते त्या गावात ही स्थिती होती. २० मार्चला लोक चालत तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्यायले. ते नवा हक्क मागायला गेले नव्हते, कायदेमंडळाने शिफारस केलेला आणि पालिकेने मान्य केलेला हक्क वापरायला गेले होते, आणि हे म्हणता येण्याइतकी भक्कम जागा त्यांना बोल्यांनी मिळवून दिली होती. त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठवून त्यांना झालेली मारहाण आणि तळ्याचे झालेले 'शुद्धीकरण' आपल्याला ठाऊक आहे. पालिकेने आपला ठराव मागे घेतला तो ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी. पुढे डिसेंबरात सनातनी मंडळी दिवाणी न्यायालयात गेली, मनाईहुकूम मिळाला, आणि ते प्रकरण १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात संपले. तळ्यावर फक्त स्पृश्यांचा अधिकार असल्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. ओंजळभर पाण्यासाठी न्यायालयात नऊ वर्षांहून अधिक काळ गेला.

बोल्यांची मांडणी मात्र हरवली नाही. आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद १५ उघडा. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांचा उल्लेख आहे, आणि त्यांची खूण सांगितली आहे ती अशी, की ज्या पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखल्या जातात किंवा सर्वसामान्य जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेल्या आहेत. १९२३ चा ठराव आणि हा अनुच्छेद शेजारी ठेवून वाचले, तर नाते सांगायला वकील लागत नाही. फरक एवढाच, की इथे विनंती, सल्ला आणि विचार या पायऱ्या काढून टाकलेल्या आहेत, आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, जो १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, त्यामागे शिक्षाही उभी केली आहे.

आता आजच्या आमदाराविषयी. आपण त्याला रस्ता, गटार, समाजमंदिर आणि प्रवेशद्वार मागतो, आणि त्याच मोजपट्टीने त्याला मतही देतो. अधिवेशनात त्याने कोणता तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न विचारला, शुक्रवारच्या अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सभासदांच्या, कामकाजात कोणता ठराव मांडला, हे आपण विचारत नाही. कोकणात माणसांना वाळीत टाकण्याचे प्रकार घडतात, हे इथे बसलेल्या कोणाला नवे नाही. गावकीने बहिष्कार घातलेल्या कुटुंबाशी कोणी बोलत नाही, दुकानदार सामान देत नाही, लग्नाला आणि मयताला माणूस जात नाही. १९४९ चा मुंबईचा बहिष्कृतीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवल्यावर, महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा मंजूर केला, तो २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा झाला हे उत्तमच झाले. परंतु आपल्या तालुक्यात या कायद्याखाली किती तक्रारी नोंदल्या गेल्या, प्रतिबंधक अधिकारी कोण आहे, किती प्रकरणे तडजोडीच्या नावाखाली मिटवली गेली, हे सभागृहात विचारण्यासाठी आपला आमदार पुन्हा उभा राहिला आहे काय? राहिला नसेल, तर त्याला लेखी पत्र द्या, वाचनालयाच्या नावाने द्या, आणि उत्तर आले की ते इथल्या फलकावर लावा.

दोन मिनिटे उरली आहेत, ती आपल्या प्रश्नांसाठी ठेवतो. आपल्यापैकी कोणाला आपापल्या नगरपालिकेचे १९२३-२४ चे प्रोसिडिंग बुक कुठे आहे हे माहीत असेल, तर सभा संपल्यावर मला अवश्य भेटावे.