आधी पाच किलोचा गोळा द्या

नमस्कार मंडळी. विषय अरब देशांच्या युवा (18 च्या आतल्या) आणि ज्युनियर (20 च्या आतल्या) अ‍ॅथलेटिक्सचा आहे, मी बरीच वर्षं दोहात नोकरीला होतो म्हणून बोलावलंय. पण आधी मला आमच्या शाळेतल्या गोळ्याबद्दल बोलू द्या. गोळा एकच होता, मोठ्या माणसांचा, 7.26 किलोचा, आणि नववीची पोरं पण तोच फेकायची. वर्गातल्या एका चांगल्या दणकट मुलाचा खांदा त्यात असा दुखावला की तो परत मैदानाकडे फिरकलाच नाही. सर म्हणायचे, जड उचललं की ताकद येते. अहो, 18 च्या आतल्या मुलांना 5 किलोचा गोळा असतो, 20 च्या आतल्यांना 6, मग 7.26. हर्डल्सचंही, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचंही तसंच, 110 मीटरला अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर, मग 99.1, मग 106.7. इतकी वर्षं झाली तरी मला त्या मुलाची हळहळ वाटते.

तर अरब देशांनी ही पायरी वेळेत बांधली. मोठ्यांची अरब स्पर्धा 1977 ला दमास्कसला सुरू झाली, आणि ज्युनियरची 1984 ला. त्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्किलने 400 मीटर हर्डल्स जिंकली, सईद औइताने 5000 मीटर. (टाळ्या वाजवा की, 40 वर्षं झाली म्हणून काय!)

आता बार्शिम. मुताझ बार्शिम, कतारचा उंच उडीवाला, दोहातल्या अ‍ॅस्पायर या क्रीडा अकादमीत घडलेला. 2010 ला मॉन्क्टनला ज्युनियर जगज्जेता झाला. 2018 ला हंगेरीत 2.46 मीटरचा प्रयत्न करताना घोटा दुखावला. मग 2019 ची दोहातली वर्ल्ड चॅम्पियनशिप. पहिले काही दिवस खलिफा स्टेडियम अर्धं रिकामं, बघवत नव्हतं. पण उंच उडीच्या फायनलला मी गेलो तर बसायला जागा शोधावी लागली. 2.33 ला बार्शिमचा दोनदा बार पडला. माझ्या शेजारी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा बसला होता, त्याने डोळेच मिटून घेतले, आणि त्याचे वडील त्याच्या कानात अरबीत काहीतरी पुटपुटत होते. तिसऱ्या वेळी बार हललाच नाही! मग 2.35 पहिल्या प्रयत्नात, 2.37 पण पहिल्याच, आणि तो जिंकला. तो पोरगा खुर्चीवर उभा राहिला, मला मिठी मारली, मी कोण कुठला त्याला काय माहीत. मला विचाराल तर त्या रात्री दोहात किती पोरांना उंच उडी मारावीशी वाटली असेल, हेच खरं मेडल.

पाच मिनिटंच राहिलीत म्हणे, तर मुद्द्याचं पटपट सांगतो. दुसऱ्या देशातले तयार धावपटू आणायचे आणि आपल्या झेंड्याखाली पळवायचे, हा रस्ता आखातात बराच वापरला गेला. केनियाचा स्टीफन चेरोनो 2003 ला कतारचा सैफ सईद शाहीन झाला. मेडल मिळालं, पण गल्लीतल्या पोरांना त्यातून काय मिळालं? 2017 ला जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने अशा देशबदल्या थांबवल्या, 2018 चे नवे नियम आले, किमान वय 20 आणि नव्या देशाकडून पळण्याआधी तीन वर्षं थांबणं. मला हे नियम मनापासून पटतात, कारण आता 16-17 ची पोरं स्वतःच घडवावी लागणार. त्यात 18 खालची जागतिक स्पर्धा 2017 च्या नैरोबीनंतर बंदच झाली, म्हणजे त्या वयाला परदेशी ट्रॅक दिसणार तो बहुतेक करून अरब स्पर्धेसारख्या प्रादेशिक स्पर्धांत.

शेवटचं एकच. मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली अठराव्या वर्षी जागतिक ज्युनियर स्पर्धेत स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायची शर्यत, पळला होता. आपला बीडमधल्या मांडव्याचा अविनाश साबळे त्या वयात ट्रॅकवरही नव्हता, तो सैन्यात गेल्यावर पळायला लागला. पॅरिसच्या 2024 च्या ऑलिम्पिक फायनलला दोघे एकाच रेषेवर उभे होते, बक्काली पहिला आला आणि साबळे अकरावा. अविनाशला हे सगळं सोळाव्या वर्षी मिळालं असतं तर काय झालं असतं, हे मी रोज मनात पळवून बघतो.