पाण्याकडे तोंड करून उभी असलेली घरे

मित्रहो, उत्तर इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठावर उभ्या असलेल्या ऐतिहासिक व्हिलांविषयी मी आज बोलणार आहे, आणि त्या व्हिला पाहायच्या कशा याविषयी त्याहून थोडे अधिक बोलणार आहे. माझे म्हणणे मुळात एकच आहे. या घरांचे दर्शनी अंग पाण्याकडे आहे. रस्त्याने गेलात तर तुम्हाला त्यांची पाठ दिसते: उंच दगडी भिंत, बंद लोखंडी फाटक आणि भिंतीवरून डोकावणारे सायप्रसचे शेंडे. त्याच घरासमोर नावेतून येऊन थांबलात, की मधोमध पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडे, वर बाग आणि बागेच्या माथ्यावर घर, अशी संपूर्ण रचना एका नजरेत मावते. ही रचना ज्याने आखली, त्याने पाहुणा पाण्यावरून येणार हे गृहीत धरले होते.

हे मला पहिल्या खेपेस कळले नव्हते. त्या वेळी आम्ही तासाभराची एक फेरी घेतली. नाव वेगवान होती, ध्वनिक्षेपकावरून एकामागून एक व्हिलांची नावे सांगितली जात होती, आणि ती ऐकून मान वळवावी तोवर ते घर मागे पडलेले असे. परतल्यावर छायाचित्रे भरपूर होती, पण एकाही घराविषयी मला धड दोन वाक्ये सांगता आली नसती, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटले. काही वर्षांनी पुन्हा जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही चौघांनी मिळून एक छोटी लाकडी नाव नावाड्यासह दिवसभरासाठी ठरवली आणि त्याला एवढीच विनंती केली, की आम्ही सांगू तिथे इंजिन बंद करावे. आज जे सांगतो आहे ते त्या दिवसाचे आहे.

आधी सरोवराविषयी थोडे. कोमो सरोवर, ज्याला तिथली माणसे त्याच्या जुन्या नावाने लारिओ म्हणतात, हिमनदीने कोरलेल्या खोऱ्यात साठले आहे. त्याचा आकार इंग्रजी वाय हे अक्षर उलटे ठेवल्यासारखा आहे. उत्तरेला कोलिको, नैर्ऋत्येच्या टोकाला कोमो, आग्नेयेच्या टोकाला लेक्को आणि तिन्ही फाटे जिथे मिळतात त्या भूशिरावर बेल्लाजो. आद्दा नदी उत्तरेकडून आत येते आणि लेक्कोकडून बाहेर पडते. क्षेत्रफळ सुमारे १४६ चौरस किलोमीटर आणि खोली सर्वांत जास्त तिथे ४०० मीटरहून अधिक. ही खोली लक्षात ठेवावी, कारण या व्हिलांचे जवळजवळ सगळे वैशिष्ट्य तिच्यातून आले आहे. एवढे पाणी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते आणि हिवाळ्यात हळूहळू सोडते, म्हणून आल्प्सच्या पायथ्याशी असूनही इथे लिंबू, ऑलिव्ह आणि कॅमेलिया जगतात. आणि जे डोंगर पाण्याखाली इतके खोल उतरतात, ते पाण्यावरही तितकेच सरळ चढतात. काठाला सपाट जागा अशी नाहीच. घर बांधायचे तर पाण्याला खेटून असलेल्या चिंचोळ्या पट्टीवर, नाहीतर वर एखाद्या सुळक्यावर.

हा पर्याय फार जुना आहे. रोमन लेखक धाकटा प्लिनी हा कोमोचाच. या सरोवराकाठी त्याची अनेक घरे होती, आणि त्यांतल्या दोन लाडक्या घरांना त्याने ‘शोकांतिका’ आणि ‘सुखांतिका’ अशी नावे दिली होती. शोकांतिकेतले नट उंच तळव्यांची पादत्राणे घालत, तसे पहिले घर खडकावर उंच उभे होते. सुखांतिकेतल्या नटांच्या सपाट पादत्राणांप्रमाणे दुसरे पाण्यालगत टेकलेले होते. उंचावरच्या घरातून खाली मासे धरणारे कोळी दिसत, तर पाण्यालगतच्या घरात शयनगृहाच्या खिडकीतून, जवळजवळ अंथरुणातूनच, स्वतः गळ टाकता येई. एका पत्रात त्याने हे लिहून ठेवले आहे. पुढच्या सर्व शतकांत इथे घरे बांधणाऱ्यांना याच दोहोंतून निवड करावी लागली.

आता नाव आणि वेळ. इटलीत चाळीस अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाची छोटी नाव परवान्याशिवाय चालवता येते आणि तशा नावा इथे भाड्याने मिळतात. तरीही मी म्हणेन, नावाडी बरोबर घ्यावा, कारण सुकाणू हातात असले की लक्ष पाण्यावर राहते आणि घरे निसटतात. वेळेचे गणित दोन वाऱ्यांवर आणि उन्हाच्या दिशेवर बसते. पहाटे उत्तरेकडून तिव्हानो वाहतो आणि सकाळ वर येता येता थांबतो. दुपारच्या सुमारास दक्षिणेकडून ब्रेव्हा सुरू होतो आणि पाणी हलू लागते. या दोहोंच्या मधल्या वेळात सरोवर इतके निश्चल असते, की पायऱ्यांचे प्रतिबिंब मोजता येते. सकाळचे ऊन पश्चिम काठावरच्या, म्हणजे पूर्वाभिमुख घरांवर पडते आणि पूर्व काठ तेव्हा स्वतःच्याच डोंगराच्या सावलीत असतो. म्हणून जाताना पश्चिम काठ धरावा आणि परतताना पूर्व काठ.

कोमोच्या धक्क्यावरून निघाल्यावर डाव्या हाताला पहिली मोठी इमारत लागते ती व्हिला ओल्मो, अठराव्या शतकाच्या अखेरीस सिमोने कांतोनी या वास्तुकाराने ओडेस्काल्की घराण्यासाठी उभी केलेली. ती आज नगरपालिकेची आहे आणि तिच्या हिरवळीवर गावातली माणसे मोकळेपणाने फिरतात. पुढे चेर्नोब्बिओला व्हिला देस्ते. कार्डिनल तोलोमेओ गाल्लिओ याच्यासाठी पेल्लेग्रिनो तिबाल्दी याने ती १५६८ मध्ये बांधली, तेव्हा तिचे नाव शेजारच्या ओढ्यावरून गारोव्हो असे होते. पुढे ती व्हित्तोरिया पेलुसो या पूर्वाश्रमीच्या नर्तकीकडे आली. तिने नेपोलियनच्या सैन्यातल्या दोमेनिको पिनो या सेनानीशी लग्न केले, आणि मोहिमांवरून आलेल्या नवऱ्याला घरी करमावे म्हणून बागेवरच्या उतारावर लुटुपुटूचे बुरूज आणि तटबंदी बांधवली. ते बुरूज झाडीतून आजही दिसतात, आणि ते नीट दिसण्याची जागा म्हणजे काठापासून जरा दूर, पाण्याच्या मध्यावर. १८१५ मध्ये ही व्हिला इंग्लंडच्या युवराजाची दुरावलेली पत्नी कॅरोलाइन हिने घेतली आणि तिला आजचे नाव मिळाले. १८७३ पासून तिथे हॉटेल आहे.

इथून उत्तरेला कितीतरी व्हिला लागतात. त्या सगळ्यांची नावे मी घेत नाही. कोमाचिना हे सरोवरातले एकमेव बेट ओलांडताना मात्र नाव जरा हळू करावी. ११६९ मध्ये कोमोच्या लोकांनी त्यावरची वस्ती पार उद्ध्वस्त केली, आणि झाडांमधून दिसणारे चर्चचे अवशेष त्या काळचे आहेत. बेट मागे पडले की समोर लाव्हेदोचे भूशिर येते आणि त्याच्या टोकावर व्हिला देल बाल्बियानेल्लो.

या घरापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. जमिनीवरून इथे येणारी वाट डोंगरातून पायी चालण्याची आहे. खरा दरवाजा पाण्यावर आहे. मुळात हा फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता आणि त्याच्या चर्चचे दोन मनोरे अजून उभे आहेत. १७८७ मध्ये कार्डिनल आंजेलो मारिया दुरिनी याने ही जागा घेऊन माथ्यावर तीन कमानींचा एक खुला सज्जा बांधला, ज्यातून भूशिराच्या दोन्ही अंगांचे पाणी दिसते. कमानींवर चढवलेली वेल इतकी बारकाईने कातरलेली असते, की पाण्यावरून ती दगडावरचे कोरीवकाम वाटते. प्लेनची, म्हणजे चिनाराच्या जातीची, झाडे छाटून दीपवृक्षाच्या आकाराची केली आहेत, आणि ती शोभेसाठी आहेत तितकीच दृष्टी अडू नये म्हणूनही आहेत.

पायऱ्यांपासून पाचसहा हातांवर नावाड्याने इंजिन बंद केले. खालच्या तीन पायऱ्या पाण्यात होत्या. त्यांवरचे शेवाळ आधी गडद हिरवे, मग पिवळसर, आणि त्याच्या वर दगडाचा मूळ राखाडी रंग, अशी पाण्याच्या चढउताराची नोंद तिथे पट्ट्यापट्ट्यांनी उमटली होती. बर्फ वितळले की आद्दा फुगते आणि सरोवर चढते. १९४६ पासून ओल्जिनाते इथल्या धरणाने ही पातळी बरीचशी आवरली जाते, पण पायऱ्यांना पाणी अजून खालीवर होतच असते. भिंतीत एक लोखंडी कडी होती, आणि तिच्याखालच्या दगडात, ती दोरासकट हलून हलून, अर्धचंद्रासारखी खाच पडली होती. तेवढ्यात एक वेगवान नाव जवळून गेली. तिच्या लाटा आल्या, एकामागून एक सात-आठ, आणि प्रत्येक लाट पायरीच्या सांध्यात शिरून आतली माती घेऊन बाहेर पडताना पाणी गढूळ होत होते. मला ते पाहवले नाही. वल्ह्याच्या नावांसाठी बांधलेल्या या दगडांना हा मारा ठाऊक नव्हता. तुम्ही कधी गेलात, तर काठाजवळ नाव अगदी हळू न्यायला सांगा. वेळ आणि पैसे तुमचे आहेत, नावाडी ऐकतो.

या घराचा शेवटचा मालक ग्विदो मोंझिनो. १९७१ मध्ये तो कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून उत्तर ध्रुवावर पोचला, १९७३ मध्ये त्याने एव्हरेस्टवरच्या पहिल्या इटालियन मोहिमेचे नेतृत्व केले आणि १९७४ मध्ये हे घर विकत घेतले. १९८८ मध्ये तो वारला तेव्हा त्याने ते इटलीचा सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा जपणाऱ्या ‘फाई’ या संस्थेला देऊन टाकले. बागेत पूर्वी बर्फ साठवण्याची एक कोठी होती. आयुष्यभर बर्फात वाटा काढणाऱ्या या माणसाचे दफन त्या कोठीत केले आहे. आम्ही उतरून तिथे गेलो तेव्हा आत गारवा होता आणि बाहेर दुपारचे ऊन होते.

बाल्बियानेल्लोहून नाव उत्तरेला वळली की काही मिनिटांत अशी जागा येते, जी मला या सबंध सरोवरातली सर्वांत बोलकी वाटते. ती आहे भर पाण्यात, त्रेमेझो आणि बेल्लाजो यांच्या मधोमध. पश्चिमेला व्हिला कार्लोता, पूर्वेला व्हिला मेल्झी, समोरासमोर. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्लेरिची घराण्याने बांधलेली पहिली व्हिला नेपोलियनच्या काळात जोव्हान्नी बात्तिस्ता सोम्मारिव्हा याने घेतली. मिलानच्या सत्तेत तो वर चढलेला होता आणि नव्या इटालियन प्रजासत्ताकाचे उपाध्यक्षपद आपल्याला मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. १८०२ मध्ये नेपोलियनने ते पद फ्रान्चेस्को मेल्झी देरील याला दिले. सोम्मारिव्हा राजकारणातून बाजूला झाला आणि त्याने आपली सारी ईर्ष्या कलासंग्रहात ओतली. नेपोलियनसाठी म्हणून सुरू झालेला, अलेक्झांडरच्या बॅबिलोनप्रवेशाचा थोरवाल्सन या डॅनिश शिल्पकाराचा संगमरवरी शिल्पपट शेवटी याच घरात आला, आणि त्याच्या टोकाला सोम्मारिव्हाने स्वतःची आणि शिल्पकाराची आकृती कोरून घेतली. इकडे मेल्झीने १८०८ पासून जोकोंदो आल्बेर्तोल्ली याच्याकडून आपले घर बांधवले, तेही नेमके समोरच्या काठावर.

नाव मधोमध थांबवून दोन्हींकडे आळीपाळीने पाहावे. कार्लोता उतारावर चढत जाते, दुहेरी जिने एकावर एक रचलेले, प्रत्येक टप्प्यावर नवा कठडा, आणि ती पाहणाऱ्याला मान वर करायला लावते. मेल्झी पाण्यालगत आडवी पसरलेली, पांढरी, रेषा सरळ, सजावट अगदी मोजकी, काठाने प्लेनच्या झाडांची छाटलेली रांग आणि बाजूला एक छोटा निळापांढरा मूरिश, म्हणजे अरबी धाटणीचा, मंडप. ज्याला पद मिळाले त्याचे घर शांत आहे, आणि ज्याला मिळाले नाही त्याचे घर अजून काहीतरी सिद्ध करू पाहते आहे, असे मला तिथे तीव्रतेने वाटले. काठावरून, कुठल्याही एका बागेत उभे राहून, हे इतके स्पष्ट होत नाही.

कार्लोता हे नाव मात्र या दोघांच्या चढाओढीशी संबंधित नाही. १८४३ मध्ये नासाऊची राजकन्या मारियान हिने ही व्हिला घेतली आणि आपल्या मुलीला, शार्लोटला, लग्नाची भेट म्हणून दिली. शार्लोट १८५५ मध्ये तेविसाव्या वर्षी वारली. बागेतला अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉनचा जो बहर पाहायला वसंतात माणसे लोटतात, तो बराचसा तिच्या नवऱ्याच्या, सॅक्स-माइनिंगनच्या जॉर्जच्या, वनस्पतींवरील प्रेमातून आला आहे.

दुपारी मेल्झीवर ऊन आले, तेही आम्ही पाहिले, आणि मग पूर्व काठाने कोमोकडे परतलो. तोर्नोच्या अलीकडे, जिथे डोंगर सर्वांत उभा आहे, तिथे व्हिला प्लिनियाना आहे. १५७३ मध्ये कोमोचा राज्यपाल जोव्हान्नी आंग्विस्सोला याने ती बांधली. १५४७ मध्ये पार्माचा ड्यूक पियेर लुइजी फार्नेसे याचा खून करणाऱ्या कटातला हा एक होता, आणि मागे कडा, पुढे खोल पाणी अशी ही जागा त्याने का निवडली असेल, हे नावेतून पाहताना आपोआप मनात येते. घराचे नाव प्लिनीवरून पडले, कारण अंगणात जो झरा आहे त्याचे वर्णन प्लिनीने केले आहे. त्याचे पाणी ठरावीक वेळाने चढते आणि उतरते. चुनखडीच्या डोंगरात एक पोकळी आहे. ती पाण्याने भरत जाते, पाणी वाकड्या वाटेच्या माथ्यापर्यंत पोचले की वक्रनलिकेच्या (सायफनच्या) तत्त्वाने सगळे एकदम ओसंडते आणि पोकळी पुन्हा भरू लागते. प्लिनी हे नुसते पाहून थांबला नाही. कारणे कोणती असू शकतील याची यादी करून त्याने ती एका विद्वान मित्राला कळवली. पुढे लिओनार्दो दा विंचीनेही या झऱ्याची नोंद केली.

झरा पाण्यावरून दिसत नाही. दिसतो तो शेजारून कोसळणारा धबधबा, आणि घराच्या मधोमध असलेला तीन कमानींचा सज्जा. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलले होते आणि त्या कमानींच्या आत, अगदी मागच्या भिंतीपर्यंत, पिवळा उजेड गेला होता. नावाड्याने न सांगता इंजिन बंद केले. धबधब्याचा आवाज एकसारखा नव्हता. तो थोडा वाढत होता आणि थोडा कमी होत होता, की ब्रेव्हा तो आमच्याकडे आणत होता आणि परत नेत होता, कोण जाणे. बऱ्याच वेळाने नावाड्याने किल्लीला हात घालून आमच्याकडे पाहिले. कोणीच काही बोलले नाही, तसा त्याने हात मागे घेतला आणि पुन्हा बसला.