गच्चीवरून गुरू टिपताना इन्फ्रारेड फिल्टर कधी लावायचा?

नमस्कार मंडळी! नागपुरात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. लॅपटॉपवर गुरूची कडा उतू जाणाऱ्या दुधासारखी हलते, त्यामागे ही गरम हवाही असते. ग्रहांसाठी रामटेक गाठायची गरज नाही. शहराचा उजेड इथे फारसा आड येत नाही, आड येते ती हवा. इन्फ्रारेड पास फिल्टर हा तिच्यावरचा चांगला उतारा आहे.

हा फिल्टर ठरावीक तरंगलांबीच्या पुढचाच प्रकाश आत सोडतो. तरंगलांबी जितकी जास्त, तितकी हवेची थरथर कमी बाधते. मात्र बारकावेही कमी होतात. 742 नॅनोमीटरला 8 इंची (आरशाचा किंवा भिंगाचा व्यास) दुर्बीण हिरव्या प्रकाशातल्या 6 इंचीइतकंच दाखवते! म्हणून 6 इंचीला 685 नॅनोमीटरपासून पुढचा प्रकाश सोडणारा फिल्टर घ्या, 742 चा 8 इंच आणि त्यापुढे. हवा खरोखर शांत असेल त्या रात्री फिल्टर डबीतच राहू द्या.

आता हे बघा. कॅमेऱ्याच्या नळीला आत आटे असतात, फिल्टर त्यावर फिरवून बसवायचा. त्याआधी तिथला यूव्ही-आयआर कट, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर, काढा. दोन्ही राहिले तर स्क्रीन जवळपास काळी दिसते आणि आपण उगाच गेन (कॅमेऱ्याची सिग्नल वाढवणारी सेटिंग) वाढवत बसतो. डीएसएलआरमध्ये असा कट आतच बसवलेला असतो, त्यामुळे तो इथे चालत नाही. IMX462 या सेन्सरचा (प्रकाश टिपणारी चिप) रंगीत कॅमेरा उत्तम, इन्फ्रारेडमध्ये तो फार संवेदनशील आहे.

फिल्टर बदलला की फोकस पुन्हा करा, हे हमखास विसरतं. गुरूचा एखादा चंद्र स्क्रीनवर घ्या आणि तो सर्वांत लहान ठिपका होईपर्यंत नॉब हळूहळू फिरवा. एक्स्पोजर 10 ते 15 मिलिसेकंदांपासून सुरू करा, हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) निम्म्यापर्यंत आला की पुरे. गुरू 9 तास 55 मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, आणि चित्र व्हिडिओतल्या फ्रेम एकत्र करून बनतं, म्हणून एक व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचाच ठेवा, नाहीतर तपशील पुसट होतात.

रंग मात्र यातून मिळत नाहीत. कट फिल्टर लावून रंगीत व्हिडिओ लगेच घ्या आणि इन्फ्रारेडचं चित्र त्यावर ल्युमिनन्स (फक्त उजेड-सावलीचा थर) म्हणून चढवा. पूर्ण चढवलं तर गुरूचा लाल डाग फिका पडतो, कारण इन्फ्रारेडमध्ये तो उजळ दिसतो. 40 टक्क्यांच्या आसपास थांबा, पट्ट्यांची धार येते आणि डागाचा रंगही टिकतो.