काळ्या रंगावर उघडणारं दार

नमस्कार मंडळी. व्याख्यानानंतर लगेच चित्रपट दाखवायचा आहे, त्यामुळे फार पाल्हाळ लावत नाही. हायाओ मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' हा जपानी अ‍ॅनिमेशनपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आधी पाहिला असणार. २०२० च्या फेब्रुवारीपासून त्यांच्या स्टुडिओ जिब्लीचे चित्रपट नेटफ्लिक्सवर टप्प्याटप्प्यानं आले आणि आपल्याकडेही मियाझाकींचे चाहते गल्लोगल्ली दिसायला लागले. पण या चित्रपटामागची कादंबरी वाचलेलं माणूस क्वचितच भेटतं. म्हणून आज बोलायचं आहे ते त्या दोघांच्या मधल्या जागेबद्दल.

कादंबरी १९८६ ची, लेखिका डायना विन जोन्स. ऑक्सफर्डला शिकताना टॉल्किन आणि सी. एस. लुईस या अद्भुतकथा लिहिणाऱ्या प्राध्यापकांची व्याख्यानं त्यांनी ऐकली होती. एका शाळेत त्या गेल्या असताना एका मुलानं त्यांना सांगितलं, चालत्या किल्ल्यावर एक पुस्तक लिहा. त्याचं नाव त्या पुढे विसरल्या, पण पुस्तकाच्या सुरुवातीला त्याचे आभार मात्र मानलेत. कथा अशी. इंगरी नावाच्या देशात जादू खरोखरच चालते आणि तिथे तीन बहिणींमध्ये थोरली असणं म्हणजे नशीबच फुटकं. परीकथेत भाग्य उजळतं ते धाकटीचं. आपल्या हातून काही व्हायचं नाही हे थोरल्या सोफीनं मनोमन ठरवूनच टाकलंय. टोप्यांच्या दुकानात बसून ती टोप्या शिवते. एक चेटकीण येते, तिला शाप देऊन नव्वद वर्षांची म्हातारी करून टाकते, आणि सोफी घर सोडून हाउल नावाच्या छानछोकी जादूगाराच्या किल्ल्यात कामवाली म्हणून शिरते. त्या किल्ल्याच्या चुलीत कॅल्सिफर नावाचा अग्नी राहतो, आणि हाउलचं काळीज त्याच्यापाशी आहे.

आता त्या घराचं दार बघा. दाराशी एक चौकोनी मूठ आहे, तिच्या चार बाजूंना चार रंग. जो रंग खाली येईल त्याप्रमाणे दार वेगवेगळ्या जागी उघडतं. निळा म्हणजे पोर्टहेवन हे बंदर, लाल म्हणजे राजधानी किंग्जबरी, हिरवा म्हणजे माळरानावरचा किल्ला. चौथा काळा. तीन रंग पुस्तकात आणि चित्रपटात साधारण सारखेच आहेत. काळ्यापाशी मात्र दोघांच्या वाटा फुटतात.

पुस्तकात काळ्या रंगावर दार उघडतं ते वेल्समध्ये. आपल्या जगातल्या, मोटारी आणि टीव्ही असलेल्या वेल्समध्ये. हाउल हा मुळात हॉवेल जेंकिन्स नावाचा वेल्श माणूस. दाराबाहेर पाऊल टाकताच त्याच्या भरजरी कपड्यांच्या जागी रग्बीचा स्वेटशर्ट येतो. बहीण मेगन त्याला उंबऱ्यातच फैलावर घेते, भाचा कॉम्प्युटर गेममध्ये डोकं घालून बसलेला. बहिणीच्या घरावर पाटी आहे 'रिव्हनडेल', म्हणजे टॉल्किनच्या कादंबऱ्यांतल्या एका जादुई जागेचं नाव. टॉल्किनच्या वर्गात बसलेल्या बाईनं काढलेला हा चिमटा. ज्याच्या नावानं अख्खा देश चळचळा कापतो, तो घरी बहिणीच्या शिव्या निमूट खातो, ही यातली खरी गंमत.

चित्रपटात वेल्स नाही. मेगन नाही, भाचा नाही, स्वेटशर्ट तर नाहीच. काळ्या रंगावर दार उघडतं ते काळोखात आणि युद्धात. हाउल त्या दारातून बाहेर पडतो, पक्ष्याचं रूप घेऊन जळत्या शहरांवरून उडतो आणि दर वेळी थोडा कमी माणूस होऊन परततो. पुस्तकात युद्ध नुसतं कानावर येतं. चित्रपटात ते आभाळ व्यापून राहतं.

असं का झालं याचं सरळ उत्तर म्हणजे इराक. हा चित्रपट आधी मामोरू होसोदा हे दुसरे दिग्दर्शक करणार होते, ते २००२ मध्ये बाहेर पडले आणि काम मियाझाकींनी हाती घेतलं. २००३ च्या मार्चमध्ये अमेरिकेनं इराकवर हल्ला केला. त्याच महिन्यात मियाझाकींच्या आधीच्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं आणि ते घ्यायला ते गेले नाहीत. इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशात आपल्याला जायचं नव्हतं, हे त्यांनी कितीतरी वर्षांनी, २००९ मध्ये, उघडपणे सांगितलं.

पण माझ्या मते मूळ याच्याही मागे आहे. जोन्स यांचा जन्म १९३४ चा. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर त्यांना लंडनहून आजी-आजोबांकडे पाठवलं, ते वेल्समध्येच. मियाझाकी १९४१ चे. घरच्यांचा कारखाना विमानांचे सुटे भाग बनवायचा. कुटुंब टोकियो सोडून उत्सुनोमियाला गेलं आणि १९४५ च्या जुलैत तिथे बॉम्ब पडले, तेव्हा हा मुलगा चार वर्षांचा. एकाच युद्धातली दोन लहान मुलं. जोन्स यांनी स्वतःच हा फरक सांगितला होता: मी युद्ध बाहेर ठेवते, मियाझाकी त्याचा किळसवाणेपणाही दाखवतात आणि बॉम्बहल्ल्याचा थरारही, अशा अर्थाचं. यात कौतुक आहे आणि एक बारीकशी टोचणीही. रास्त टोचणी. त्या चित्रपटातली जळणारी शहरं दिसायला सुंदर आहेत, आणि विमानांचं वेड हा मियाझाकींचा जुना आजार आहे.

किल्ल्याचंही असंच. पुस्तकातला किल्ला उंच, काळा, चार बुरुजांचा, डोंगरांवरून सरकत जाणारा. तो सरकतो कसा, याची पुस्तकाला फिकीर नाही. वाक्यात 'किल्ला चालला' म्हटलं की चालला. चित्रकाराला मात्र तो चालवून दाखवावा लागतो. मग आले कोंबडीसारखे लोखंडी पाय, धुराडी, लोंबकळणारी जीभ, दर पावलाला करकरणारे पत्रे. पुस्तकातल्या एका क्रियापदाची किंमत स्टुडिओला अशी मोजावी लागते.

मला सगळ्यात थोर वाटते ती सोफीच्या वयाची युक्ती. पुस्तकाच्या शेवटी-शेवटी हाउल तिला सांगतो, तुझा शाप उतरवायचा मी गुपचूप प्रयत्न केला, जमेना, तेव्हा वाटलं की तुलाच या सोंगात राहायला आवडतंय. अख्ख्या कादंबरीची किल्ली या संवादात आहे. मियाझाकींनी तो संवाद घेतलाच नाही, सोफीच्या चेहऱ्यावर पसरवून टाकला. ती झोपली की सुरकुत्या जातात. राजवाड्यात राजाच्या जादूगार सुलिमानबाईंसमोर हाउलची बाजू घेऊन बोलताना पाठ ताठ होते, आवाज तरुण होतो, ती तरुणच होते. सुलिमानबाई म्हणतात, तुझं त्याच्यावर प्रेम आहे, आणि क्षणात ती पुन्हा म्हातारी. कोणी मंत्र म्हणत नाही. आत्मविश्वास आला-गेला तसं वय हलतं.

त्याआधीचा जिना नीट बघा. राजवाड्याच्या पायऱ्या. म्हातारी सोफी आणि तिला शाप देणारी तीच धिप्पाड चेटकीण शेजारी-शेजारी चढताहेत. चेटकिणीची जादू तिथे चालत नाही, घाम गळतोय, हनुवटीच्या वळ्या लोंबताहेत. सोफीच्या काखेत एक धापा टाकणारं कुत्रं, हा वेष बदललेला हाउलच अशी तिची समजूत. घाईनं कापून टाकता आला असता असा प्रसंग, पण मियाझाकी पायरी-पायरीनं चढवतात. पुस्तकातली चेटकीण शेवटी मरते. इथे तिची घसरण याच जिन्यावर सुरू होते, वर पोचल्यावर सुलिमानबाई तिची जादू काढून घेतात, उरते ती एक भ्रमिष्ट आजी, आणि सोफी तिला घरी नेऊन सांभाळते.

आता तक्रार. पुस्तकातली सोफी स्वतः जादूगार आहे, फक्त तिला ते ठाऊक नाही. तिची जादू तिच्या जिभेत आहे. दुकानात एकटी बसून ती टोप्यांशी बोलते. एका साध्याशा टोपीची दया येऊन तिला सांगते, कोणी बडा माणूस तुझ्या प्रेमात पडेल. ती टोपी विकत घेणारी जेन फॅरियर खरोखरच एका काउंटबरोबर पळून जाते. हातातल्या काठीलाही सोफी बोलून-बोलून जिवंत करते. चित्रपटातली सोफी प्रेमळ आहे, कष्टाळू आहे, पण तिच्या शब्दांची ताकद काढून घेतली आहे. शेवटी ती जे साधते ते मायेच्या जोरावर. फटकळ म्हातारीची मायाळू म्हातारी झाली, हे नुकसान मला अजून खटकतं. आणि शेवट तर सरळ गुंडाळलाय. सुलिमानबाईंच्या मनात येतं आणि युद्ध थांबतं!

तरीही जोन्स खूश होत्या. चित्रपट वेगळा होणार आणि तो तसाच व्हायला हवा, मी पुस्तकं लिहिते, चित्रपट नाही, असं त्यांचं म्हणणं. याउलट गोष्ट अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विन यांची. त्यांच्या 'अर्थसी' या अद्भुतकथामालेवर चित्रपट करायला मियाझाकींनी पूर्वी विचारलं तेव्हा त्यांचं काम माहीत नसल्यानं बाईंनी नकार दिला होता. पुढे मत बदललं, पण २००६ चा चित्रपट केला तो मुलानं, गोरो मियाझाकी यांनी. पाहून बाई म्हणाल्या, हे माझं पुस्तक नाही, तुमचा चित्रपट आहे, आणि चांगला आहे. नंतर मात्र सविस्तर लिहून त्यांनी नाराजी मांडली. राजपुत्र सुरुवातीलाच बापाला भोसकतो, याला पुस्तकात आधार नाही आणि चित्रपटातही धड कारण नाही. शिवाय सगळा दुष्टपणा एका खलनायकात भरायचा आणि त्याला मारून मोकळं व्हायचं, हे त्यांना पटलं नाही. नावं, बेटं, माणसं पुस्तकातली आणि गाभा भलताच. थोरल्या मियाझाकींनी अर्धं पुस्तक फेकून दिलं, पण म्हातारपणाच्या आड लपलेली मुलगी सोडली नाही.

जाता जाता एक खुलासा. आज आपण इंग्रजी डबिंग न लावता मूळ जपानी लावतोय, याबद्दल दोघा-तिघांनी मघाशी कुरकुर केली. इंग्रजीत तरुण सोफीला एमिली मॉर्टिमर आणि म्हाताऱ्या सोफीला जीन सिमन्स असे दोन आवाज आहेत. दोघी उत्तमच. पण जपानीत अठरा वर्षांची आणि नव्वद वर्षांची, दोन्ही सोफी चिएको बाइशो यांच्याच आवाजात आहेत, आणि तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. वाक्याच्या अधेमधे तिचं वय कमी-जास्त होतं ना, ते कानाला फक्त असंच कळतं. उपशीर्षकं वाचत बसू नका, गोष्ट तर मी सांगितलीच आहे. चित्रपट ११९ मिनिटांचा आहे आणि मध्यंतर ठेवलेलं नाही. ज्यांना चहा हवाय त्यांनी आत्ताच घ्या.