ताप किती आहे, त्याआधी मूल कसं आहे?

नमस्कार. आज ठरवून आणलेलं भाषण मी बाजूला ठेवलंय. तुम्ही येताना ज्या चिठ्ठ्या टाकल्यात त्या वाचल्या, आणि त्यांच्याच आधारे बोलायचं ठरवलं. निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या तापाच्या आहेत. शब्द वेगळे, प्रश्न एकच: "किती ताप आला की डॉक्टरकडे न्यायचं?"

याचं उत्तर वयावर अवलंबून आहे, म्हणून आधी तीन महिन्यांच्या आतल्या बाळांचं बोलू. या वयात थर्मामीटरने 100.4 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप दाखवला, की लगेच निघायचं. रात्रीचे दोन वाजलेले असोत, बाळ हसत असो, काहीही असो. एवढ्या लहान बाळाला गंभीर जंतुसंसर्ग झाला तरी सुरुवातीला तो चेहऱ्यावर दिसत नाही. रक्तातला, लघवीतला किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग आहे का, हे तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून या वयात घरच्या घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. नवजात बाळाचं तर उलटंही होतं: ताप येण्याऐवजी अंग गार पडतं, बाळ दूध ओढत नाही, रडण्यात जोर राहत नाही. तीही तितकीच तातडीची वेळ.

तीन महिन्यांच्या पुढे मात्र आकड्याचं महत्त्व कमी होत जातं. साध्या विषाणूने 103, 104 ताप येतो आणि तो उतरला की मूल खेळायला लागतं. उलट 101 ताप असलेलं मूल खरोखर गंभीर आजारी असू शकतं. म्हणून तुमचा फोन आला की माझा पहिला प्रश्न असतो: मूल कसं आहे? तुमच्याकडे बघतंय का, हाक मारली की ओ देतंय का, पाणी पितंय का, शेवटची शू कधी झाली? आकडा मी नंतर विचारते.

तापाच्या भरात कुठलंही मूल मलूल दिसतं. त्यामुळे औषध दिल्यावर तासाभराने त्याला पुन्हा नीट पाहा. ताप उतरल्यावरही ते तसंच निपचित पडून असेल, उचलून घेतलं तरी सैल वाटत असेल, किंवा सारखं किरकिरत असेल आणि कशानेच शांत होत नसेल, तर दाखवायला आणा. एक खबरदारी मात्र ठेवा. औषधाने ताप उतरला म्हणून आजार साधाच, असा अर्थ काढू नका. गंभीर आजारातही पॅरासिटामॉलने ताप उतरतो. आणि मूल बरं दिसत असलं तरी तीन दिवस उलटूनही ताप येतच राहिला, तर एकदा तपासून घ्यायलाच हवं. सर्दी नाही, खोकला नाही, नुसताच ताप, असं असेल तर लघवीतला संसर्ग आहे का ते बघावं लागतं. लहान मुलांत तो सहज नजरेतून सुटतो.

"ताप डोक्यात जाईल का?" ही भीती कितीतरी चिठ्ठ्यांत आहे. संसर्गामुळे ताप येतो तेव्हा मेंदूतलं तापमान ठरवणारं केंद्रच शरीराची पातळी वर नेऊन ठेवतं, आणि तिला वरची मर्यादाही तेच घालतं. या तापाने मेंदूला इजा होत नाही. उन्हात बंद गाडीत राहिलेल्या मुलाचं अंग तापतं, तो प्रकार संपूर्ण वेगळा आणि जीवघेणा असतो. साध्या तापात आपण औषध देतो ते मुलाला बरं वाटावं म्हणून. मूल तापातही खेळत असेल, शांत झोपलं असेल, तर केवळ आकड्यासाठी त्याला उठवून औषध पाजायची गरज नाही. बर्फाचं पाणी किंवा स्पिरिट अंगाला लावू नका, त्याने मूल कुडकुडतं आणि ताप आणखी चढतो. कपडे हलके ठेवा, पाणी पाजत राहा.

डोसाबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय, कारण घरी सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. दहा किलोच्या मुलाला एका वेळी 150 मिलिग्रॅमपर्यंत. आता बाटल्या बघा. ज्या सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम औषध आहे, त्यातून हे 3 मिलिलिटर होतं. 5 मिलिलिटरमध्ये 120 असेल, तर 6 मिलिलिटरच्या आसपास. आणि ड्रॉप्सच्या एकाच मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असेल, तर फक्त दीड. म्हणजे सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले, तर मुलाच्या पोटात चौपट औषध जाऊ शकतं, आणि जास्तीचं पॅरासिटामॉल यकृतावर घाव घालतं. म्हणून "एक चमचा द्या" एवढ्यावर समाधान मानू नका. किती मिलिलिटर, कुठल्या बाटलीतून, हे लिहून घ्या आणि औषधासोबत आलेल्या मापानेच द्या. सर्दीच्या एकत्रित औषधातही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा दोन्ही बाटल्यांची लेबलं वाचा. ॲस्पिरिन मुलांना मनाने कधीच देऊ नका. विषाणूच्या आजारात त्याने राय सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूचा गंभीर विकार होऊ शकतो. डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन हे तापाचं दुसरं औषधही नको, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डेंग्यूचा विषय निघालाच आहे, तर त्यात एक फसवी गोष्ट आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे निश्चिंत होतात, आणि नेमक्या त्याच वेळी काही मुलांची प्रकृती ढासळते. ताप गेला पण पोटात खूप दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, हातपाय गार पडलेत, मूल सुस्तावलंय: अशा वेळी थर्मामीटर 98 दाखवत असला तरी थेट रुग्णालय गाठा.

तापातल्या झटक्याबद्दल एका वडिलांनी लिहिलंय की त्यांना वाटलं, मूल गेलं. तो क्षण किती भयंकर असतो हे मी जाणते, म्हणून आधी हे सांगते: सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना असा झटका येतो, बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात आणि मुलं पुढे नीट वाढतात. त्या वेळी मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, गळ्याशी घट्ट कपडा असेल तर सैल करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा थांबून लगेच पुन्हा आला, तर तातडीची मदत बोलवा. आणि पहिलाच झटका असेल तर दोन मिनिटांत थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांनी मुलाला पाहायलाच हवं, कारण मेंदूज्वर नाही ना, हे ठरवायचं असतं.

आता श्वास. मला तुम्हाला एकच गोष्ट शिकवायला दिली, तर मी श्वास मोजायला शिकवेन. मूल शांत असताना, झोपेत असेल तर उत्तमच, सदरा छातीपर्यंत वर करा. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक श्वास. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, हा जलद श्वास. जागतिक आरोग्य संघटनेने हे आकडे ठरवले आहेत आणि न्यूमोनिया ओळखायला जगभर ते वापरले जातात. मूल रडत असेल किंवा तापाने फणफणलेलं असेल, तर शांत झाल्यावर पुन्हा मोजा.

मोजताना बरगड्यांच्या खालची कडा बघा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर आकडा काहीही असो, लगेच निघा. ओठ किंवा जीभ निळसर दिसली तर एक क्षणही घालवू नका. कुत्रा भुंकल्यासारखा खोकला आणि शांत बसलेलं असतानाही श्वास घेताना घर्र असा आवाज, हीदेखील तातडीची वेळ.

हे काहीच नसेल, तर साध्या सर्दी-खोकल्याला घाबरू नका. पाळणाघरात किंवा बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे, आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही. विषाणूवर ते चालतच नाही, जुलाब मात्र होतात. चार वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्याची तयार औषधं मनाने देऊ नका. फायदा होत असल्याचा नीट पुरावा नाही, धोका मात्र आहे. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला मध चाटवलात तर आराम पडतो. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

जुलाब-उलट्यांमध्ये मुलाच्या जिवाला धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार जाण्याचा. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावला आले, कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचं द्रावण तोंडाने पाजायला सुरुवात केली. नातेवाइकांच्या हाती पेले दिले. त्यांच्या छावणीतला मृत्युदर चार टक्क्यांच्याही खाली आला. आज आपण ओआरएसची पुडी फोडतो ती याच विचारातून आलेली.

पुडीवर जेवढं लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती मिसळा. अर्धी पुडी, अंदाजे पाणी, असं नको. 24 तासांनंतर उरलेलं टाकून द्या. दर जुलाबामागे दोन वर्षांच्या आत 50 ते 100 मिलिलिटर, त्यापुढे 100 ते 200. "पाजलं की ओकतो" अशी तक्रार असते, कारण तहानलेलं मूल घटाघटा पितं. वाटी आपल्या हातात ठेवा आणि चमच्याने, मिनिटाला एक चमचा या गतीने पाजा. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश सुरू करा. हे कंटाळवाणं आणि दमवणारं काम आहे, पण बहुतेक मुलांचं सलाइन यानेच टळतं. आईचं दूध आणि नेहमीचं खाणं बंद करू नका. सोबत झिंक 10 ते 14 दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण द्यायचं. गोड शीतपेयं आणि डब्यातले रस ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत, जास्त साखरेने जुलाब वाढतात.

सहा-आठ तासांत शू नाही, डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू नाहीत, मूल पेंगतंय किंवा पिणंच सोडलंय, शौचात रक्त आहे, सगळं ओकून टाकतंय, तर घरी थांबू नका. उलटी हिरवीगार असेल, विशेषतः लहान बाळाची, तर आतड्याला पीळ पडल्याची शक्यता असते. तिथे तास मोजले जातात. थोड्या थोड्या वेळाने पाय पोटाशी घेऊन कळवळणारं आणि मधे पांढरंफटक पडणारं बाळ, हेही शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयातच न्यायला हवं.

पुरळाबद्दल थोडक्यात. बहुतेक पुरळ विषाणूचं असतं आणि आपोआप जातं. पारदर्शक पेला त्यावर दाबून पाहा. दाबूनही लाल-जांभळे ठिपके फिके पडले नाहीत आणि सोबत ताप असेल, तर लगेच रुग्णालय.

एका चिठ्ठीत विचारलंय की मुलाने खेळण्यातला छोटा गोल सेल गिळला तर शौचातून पडेपर्यंत थांबायचं का. मुळीच नाही. बटणासारखा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतली त्वचा जळायला लागते. गिळल्याची नुसती शंका असली तरी लगेच एक्स-रे काढायला जा. अशा सेलची खेळणी आणि रिमोट, ज्यांचं झाकण स्क्रूने बंद होत नाही, ती घरात ठेवूच नका.

शेवटची चिठ्ठी एका आईची आहे: "कालच दाखवून आलो, आज पुन्हा गेले तर डॉक्टर चिडतील का?" आजार काल जसा होता तसा आज राहत नाही. काल स्वच्छ वाटलेल्या छातीत आज न्यूमोनिया ऐकू येऊ शकतो, त्यात काल तपासणाऱ्याचीही चूक नसते आणि तुमचीही नाही. म्हणून तपासून निघताना तीन गोष्टी विचारा: तुम्हाला काय वाटतंय, किती दिवसांत उतार पडायला हवा, आणि काय दिसलं तर मी वेळ न बघता परत यायचं. उत्तरं केसपेपरच्या मागे लिहून घ्या. कधी असंही होतं की यादीतलं एकही लक्षण नसतं, पण आजी म्हणते, हे आपलं नेहमीचं पोर वाटत नाही. तेवढ्यावरही या. आल्यावर तेच शब्द सांगा, आम्ही ते कागदावर लिहून घेतो आणि तिथून तपासायला सुरुवात करतो.