संधिवात मागे हटवता येतो, हे ओळखणारे डॉ. फिलिप हेंच

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या इंदूरचे महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर या गावी, मेयो क्लिनिकमध्ये, डॉ. फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवाताच्या, म्हणजे सांधे सुजवून वाकडे करणाऱ्या संधिवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस), रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन या संप्रेरकाचे इंजेक्शन दिले. वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवताना हेंच यांचे नाव निघाले, की ते सहसा या इंजेक्शनाच्या संदर्भातच निघत असे. मला मात्र त्याआधीची एकोणीस वर्षे अधिक मोलाची वाटतात, आणि आज मी मुख्यतः त्या वर्षांविषयीच बोलणार आहे.

हेंच यांचा जन्म १८९६ साली पिट्सबर्ग येथे झाला. तेथेच १९२० मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, १९२३ मध्ये ते मेयो क्लिनिकमध्ये रुजू झाले आणि तीनच वर्षांत तेथील संधिवात विभागाचे प्रमुख झाले. त्या काळी हुशार तरुण डॉक्टर या विषयाकडे फारसे वळत नसत, कारण त्यात करण्यासारखे थोडेच होते. ॲस्पिरिन, शेक, विश्रांती आणि शरीरात कुठेतरी दडलेला जंतुसंसर्ग सांधे बिघडवतो या समजुतीने दात किंवा टॉन्सिल काढून टाकणे, एवढ्यावरच बहुतेक उपचार थांबत. ज्या दुखण्यात सकाळी उठल्यावर तासन्‌तास बोटे वळत नाहीत, कणीक मळणे किंवा वेणी घालणेही अशक्य होते आणि पुढे हाताचे सांधे कायमचे वाकडे होतात, ते दुखणे एकदा लागले की पुढेच जाणार, मागे येणार नाही, असे डॉक्टर आणि रुग्ण दोघेही धरून चालले होते.

या समजुतीला पहिला तडा गेला तो एका रुग्णाच्या बोलण्याने. १९२९ च्या एप्रिलमध्ये पासष्ट वर्षांचे एक रुग्ण, जे स्वतः डॉक्टर होते, हेंच यांना म्हणाले की कावीळ झाल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून आपले सांधे झपाट्याने मोकळे होऊ लागले. कावीळ काही आठवड्यांत गेली, पण सांध्यांचा आराम त्यानंतर कित्येक महिने टिकला. अशी हकिकत ऐकून योगायोग म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळणे सोपे होते, आणि गर्दीच्या ओपीडीत बसणारा कोणताही डॉक्टर कदाचित तेच करेल. हेंच यांनी ती लिहून घेतली आणि तशाच आणखी हकिकतींचा शोध सुरू केला. १९३३ मध्ये त्यांनी या निरीक्षणांवर पहिला निबंध प्रसिद्ध केला.

पुढे त्यांच्या लक्षात आले की आमवात झालेल्या अनेक स्त्रियांना गरोदरपणातही असाच आराम पडतो आणि बाळंतपणानंतर दुखणे परत येते. काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर किंवा उपासानंतर तात्पुरते बरे वाटत असे. येथे हेंच यांच्या विचाराची शिस्त दिसते. कावीळ स्त्री-पुरुष दोघांनाही होते, म्हणून आराम देणारे द्रव्य केवळ स्त्रियांचे संप्रेरक असू शकत नाही. गरोदर स्त्रीला कावीळ झालेली नसते, म्हणून ते पित्तातील रंगद्रव्यही नसावे. तेव्हा या सर्व अवस्थांत शरीर स्वतःच तयार करत असलेले एखादे समान द्रव्य असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्याला ‘द्रव्य एक्स’ असे नाव दिले. ते शोधण्यासाठी त्यांनी रुग्णांना पित्त दिले, पित्ताचे क्षार दिले, काविळीच्या रुग्णांचे रक्तही देऊन पाहिले. यांतील कशानेही काम झाले नाही. वर्षानुवर्षे हाती अपयशच येत असतानाही त्यांनी मूळ प्रश्न सोडला नाही. प्रत्यक्ष रुग्णांत पुन्हा पुन्हा दिसलेला आराम खरा आहे, यावर त्यांचा भरवसा होता, आणि दुखणे थोड्या काळासाठी का होईना मागे हटत असेल, तर ते मागे हटवता येणारे आहे, एवढे त्यांना पुरेसे होते.

मेयो क्लिनिकमध्येच एडवर्ड केंडॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडांच्या माथ्यावर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींमधून निरनिराळी संयुगे वेगळी काढत होते. आमवाताचे रुग्ण कमालीचे थकलेले असतात आणि अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांतही तसाच थकवा दिसतो, याकडे हेंच यांचे लक्ष होते. दोघांच्या चर्चेतून १९४१ च्या जानेवारीत असे ठरले की केंडॉल यांचे ‘संयुग ई’, ज्याला पुढे कॉर्टिझोन हे नाव मिळाले, पुरेसे मिळाले की ते आमवातावर वापरून पाहायचे. पण जनावरांच्या ग्रंथींतून ते इतके थोडे निघत असे, की एका माणसाला देण्यापुरतेही जमणे कठीण होते. मध्येच महायुद्ध आले आणि हेंच सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले. १९४४ मध्ये मर्क कंपनीतील लुईस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तातील आम्लापासून, तीसहून अधिक रासायनिक टप्प्यांतून, हे संयुग बनवून दाखवले. तरीही रुग्णाला पुरेल इतका साठा व्हायला आणखी चार वर्षे गेली.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी अंथरुणाला खिळलेल्या एका एकोणतीस वर्षांच्या स्त्रीला पहिले इंजेक्शन दिले गेले. मात्रा रोज १०० मिलिग्रॅम ठरवली होती, जी त्या वेळच्या मानाने बरीच मोठी होती. ती कमी ठेवली असती तर कदाचित काहीच दिसले नसते आणि हा प्रयोग तेथेच संपला असता. दोन दिवसांत तिला अंथरुणात सहज कूस बदलता येऊ लागली आणि आठवड्याभरात ती गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली. पुढच्या वर्षी २० एप्रिलला हेंच यांनी चौदा रुग्णांचे अनुभव मेयोच्या डॉक्टरांपुढे मांडले आणि उपचारापूर्वीची व नंतरची चलच्चित्रे दाखवली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउस राइखश्टाइन यांना मिळून देण्यात आले.

इतक्या मोठ्या यशातही हेंच यांनी कॉर्टिझोनने आमवात बरा होतो असा दावा केला नाही. औषध थांबवले की दुखणे परत येते, हे त्यांनी पहिल्याच रुग्णांत पाहिले होते आणि जाहीरपणे सांगितलेही होते. काही महिन्यांतच चेहरा सुजून गोल होणे, रक्तातील साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, मन भ्रमिष्ट होणे असे परिणाम समोर आले, आणि वर्तमानपत्रांत चमत्कार म्हणून गाजलेल्या औषधाविषयी त्याचा शोध लावणारेच सावधगिरीने बोलत राहिले. प्राध्यापक म्हणून माझा त्यांच्याविषयीचा आदर येथे सर्वांत जास्त आहे.

हेंच यांचे जन्मतःच टाळू दुभंगलेले होते आणि त्यामुळे त्यांच्या उच्चारांत अडथळा होता. तरीही ते प्रभावी व्याख्याते म्हणून ओळखले जात. सांधे मधूनमधून अचानक सुजतात आणि पूर्ववत होतात, अशा संधिवाताचे वर्णनही त्यांनी १९४४ मध्ये एका सहकाऱ्यासह केले. क्यूबातील पीतज्वराच्या प्रयोगांचा इतिहास त्यांनी अनेक वर्षे खपून जमवला; तो संग्रह आज व्हर्जिनिया विद्यापीठात आहे. १९६५ मध्ये जमैका येथे त्यांचे निधन झाले.

आज आमवाताच्या उपचाराचा मुख्य आधार मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आहेत आणि स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिझोनच्या जातीचे औषध, बहुधा अल्प मात्रेत, ही औषधे लागू पडेपर्यंतच्या काळासाठी दिले जाते. पण सांधेदुखीवर ‘हमखास गुण’ म्हणून दिल्या जाणाऱ्या, नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांत आणि गोळ्यांत हेच स्टेरॉइड मिसळलेले आढळते, आणि दोनच दिवसांत मिळणाऱ्या आरामामुळे आपली माणसे ती वर्षानुवर्षे घेत राहतात. आपल्या घरी कोणी आजी, काका किंवा मावशी अशी पुडी घेत असतील, तर ती त्यांच्या हातून एकदम काढून घेऊ नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीराच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावतात, आणि औषध अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकते. ती पुडी सोबत घेऊन त्यांना संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या. मात्रा किती वेगाने उतरवायची, हे ते तपासणी करून ठरवतील.

नमस्कार.